चंद्रावतीकाकूंचा पंचनामा

गाढी नदीचं पाणी जुन्या पनवेलात शिरलं, तेव्हा आमच्या शेजारच्या चंद्रावतीकाकूंच्या घरात गुडघाभर चिखल साचला आणि मागची भिंत कलली. पुढे कळलं, की जुन्या गावातली पडकी घरं पुन्हा उभी करायला सरकार मदत देणार आहे आणि त्यासाठी तलाठी घरोघर पाहणीला येणार आहेत. काकूंनी यातलं एवढंच मनावर घेतलं, की घरी माणूस येणार. त्यांनी चिखल उपसला, जमीन घासली, भिंतींना चुना मारला आणि दारात रांगोळी घातली.

तलाठी आले, पोहे खाल्ले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "मावशी, नुकसान कुठंय?"

मी म्हणालो, "काकू, चिखल ठेवायचा होता ना."

"पावन्याला चिखलान बसवू? तुमचे घरान चालत असंल, आमचे नाय चालत."

तेवढ्यात तलाठी चहा घेऊन मागच्या भिंतीला टेकले. भिंत थोडी मागे सरकली. ते झटकन उठले आणि त्यांनी कागदावर लिहिलं, 'भिंत धोकादायक, घर राहण्यास अयोग्य.' मी ते काकूंना वाचून दाखवलं. मदत मिळायला आता फक्त त्यांची सही हवी होती.

"अयोग्य?" काकू म्हणाल्या. "याच घरान पोहे खाल्लं ना तुमी? मी सही नाय करायची."

तलाठ्यांनी समजावलं, मी समजावलं. शेवटी तलाठ्यांनी खाली एक ओळ वाढवली, तेव्हा काकूंनी सही केली. सरकारदरबारी आता रीतसर नोंद आहे, 'घर मात्र अत्यंत स्वच्छ.'