वीस गुंठे आणि एक मत

वकिलाकडे जन्मभर कारकुनी केली की किस्से आपोआप साठतात. पक्षकार फी बुडवतात, किस्सा मात्र रोख देऊन जातात! त्यातही घटस्फोटवाले फार सढळ हाताचे. बारामतीच्या आमच्या ऑफिसात असे पुष्कळ आले, पण बापूराव आणि संगीताताई या एका जोडप्याने जेवढं दिलं तेवढं बाकीच्यांनी मिळून दिलं नाही.

*

बापूराव पिंपळीचे, ऊसवाले. संगीताताईंचं माहेर निमगाव केतकी. दोघांना वेगळं व्हायचं होतं आणि त्यासाठी दोघं एकाच मोटारसायकलवरून आले.

साहेबांनी समजावलं, "मिळकतीचा वाद आहे. एक वकील दोघांकडून उभा राहू शकत नाही."

"भागवा की एकात, साहेब," बापूराव म्हणाले. "लगीन लावायला तरी कुठं दोन भटजी हुते!"

शेवटी बापूरावांनी दुसरा वकील केला. ताई आमच्याकडे राहिल्या. जाताना मात्र मोटारसायकलवर बापूराव एकटेच बसले. ताई एसटीने गेल्या.

*

वाद होता वीस गुंठ्यांचा. साखर कारखान्याचं सभासद व्हायचं तर नावावर जमीन लागते. म्हणून इकडे बरेच जण बायकोच्या नावाने एक तुकडा करून देतात. घरात एक मत वाढतं, दिवाळीला सवलतीची साखर जास्त येते. बायकोवरचं प्रेम म्हणून कुणी दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. बापूरावांनीही असंच बक्षीसपत्र केलं होतं. आता तुकडा परत केल्याशिवाय ते संमती देणार नव्हते.

ताईंना तेवढंच हवं होतं. त्या रानात त्या वांगी करायच्या आणि निमगावच्या बाजारात विकायच्या. ते गेलं, तर भावजयीच्या हातचं मोजून खायचं.

"अवो, ते नुसतं कागदावर दिलेलं हाय!" बापूराव कळवळून म्हणाले.

"बक्षीसपत्र आणखी कशावर करतात, बापूराव?" साहेबांनी विचारलं.

*

मग निघाला दागिन्यांचा विषय.

"बँकेत एकदम सेफ हायेत," बापूरावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं.

होतेच. ट्रॅक्टरच्या कर्जाला तारण म्हणून!

"मग ट्रॅक्टर विका आणि सोडवा," साहेब म्हणाले.

"असं कसं? ट्रॅक्टर माझ्या नावावर हाय!"

ताईंनी दागिन्यांचा नाद तिथेच सोडला.

*

कोर्टात दोघांनी आपापलं उत्पन्न लिहून द्यायचं असतं. हा कागद मला फार आवडतो. लग्न ठरताना ज्याच्याकडे बागायत, विहीर आणि बंगला असतो, तो इथे एकदम फकीर होतो. बापूरावांनी लिहिलं, 'स्वतःचे उत्पन्न नाही, वडिलांवर अवलंबून.'

त्यांचे वडील, आबा, बाकावर बसले होते. आम्ही ते वाचलं तसे ताडकन उठले.

"आरं, माझ्यावर कसा अवलंबून? मला सांभाळणारं कुणी न्हाय असं मी तलाठ्याकडं लिहून दिलंय! माझा निराधाराचा महिन्याचा पगार बंद पाडतो का काय?"

*

कोर्टाने समुपदेशनाला पाठवलं. समुपदेशक बाई तरुण, नव्या. त्यांनी दोघांना जोडीदाराचा एकेक चांगला गुण सांगायला लावला.

बापूरावांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. "रातच्या लाईटीला उसाला पाणी द्यायला जाती. नाय म्हणत न्हाय."

बाई खूश झाल्या. "आता ताई, तुम्ही सांगा."

"मला कधी एकटीला पाठवलं न्हाय त्यांनी," ताई म्हणाल्या. "कुत्रं संगं द्यायचे."

समुपदेशन तिथे संपलं.

*

आणि मग कारखान्याची निवडणूक लागली. बापूरावांचे चुलते, तात्या, उभे राहिले. लढत अटीतटीची. एकेका मतासाठी जीपा पळत होत्या. दोन वर्षं ज्या घरातून साधा फोन नव्हता, त्या घरातून खुद्द तात्या निमगावला गेले.

"सूनबाई, घरातलं भांडण घरात. मत आपल्या माणसाला."

ताई म्हणाल्या, "आधी ह्यांची सही. मग माझ्या बोटाला शाई."

मतदानाच्या दिवशी साहेबांनी मला समझोत्याचे कागद घेऊन पिंपळीच्या शाळेपाशी पाठवलं. वीस गुंठ्यांवर पतीचा काहीही हक्क राहणार नाही, असा मजकूर. बापूरावांचे वकीलही हजर. कागद जीपच्या बॉनेटवर ठेवले. बापूराव पेन घेऊन नुसतेच उभे.

"तात्या, वीस गुंठं जात्याती की!"

"तुझं वीस गुंठं जातील, माझी पाच वर्षं जातील! कर सही!"

सही झाली. ताईंनी ती नीट न्याहाळली, पदर सारखा केला आणि त्या शाळेत गेल्या. मी कागद घेऊन बारामतीला परतलो.

तात्या पडले.

पुढे कोर्टाचा निकाल लागल्यावर ताई नक्कल न्यायला आल्या. साहेबांनी सहज विचारलं, "त्या दिवशी परत कशा गेलात? जीपने सोडलं ना?"

"भाईर आले तवर जीप गेली हुती."

"अहो! मग?"

"मग काय, एसटीच्या फाट्यापतूर चालत. वाटंत माझं रान लागलं. मोटार चालू केली, वांग्याला पाणी सोडलं आन् बांधावर बसून भाकरी खाल्ली."

"भाकरी कुठून आणलीत?"

"सकाळीच बांधून घेतली हुती," ताई म्हणाल्या.