दोन घंट्यांवरचा मुलगा

मोहाडीच्या कोष्टी मोहल्ल्यात विमानाचं ज्ञान कोणाला असेल तर ते तुळसाबाईला, आणि ती जन्मात विमानात बसली नव्हती. नागपूर ते बंगलोर, दोन घंटे. तिचा जीवन नोकरीवर जाताना एवढंच सांगून गेला आणि तिने ते पदराला गाठ मारून ठेवलं. आठवडी बाजारात वांगी निवडताना ती बायांना ऐकवायची, की नाकाडोंगरीला दिलेली लेक तृप्ती तुमसरला एसटी बदलून येते, तिचा अर्धा दिवस मोडतो, म्हणजे हिशेबाने मुलगाच जवळ. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसणाऱ्यांचं काय जातं? एकुलता एक पोरगा हजार किलोमीटरवर गेलेल्या बाईला तेवढाच आधार होता.

तिचा नवरा बाबुलाल उभा जन्म मागावर कोसा रेशीम विणत आला. या उन्हाळ्यात त्याने अंथरूण धरलं, आणि आता घरीच ठेवा म्हणून डॉक्टरांनी हात टेकले. एका सकाळी त्याची नजर फिरली. शेजारच्या आनंदाबाईने नाडी पाहिली आणि म्हणाली, आता तोंडात जाईल ते पाणी शेवटचं. शेवटचं पाणी मुलाच्या हातचं, ही त्या घराची पिढ्यांची रीत. तुळसाबाईने जीवनला फोन लावला. तो रडत म्हणाला, निघालोच आई, दोन घंटे.

बाबुलालने पाणी मागितलं. तिने ओल्या बोळ्याने त्याचे ओठ पुसले आणि तांब्या उचलून आपल्या पाठीमागे ठेवला.

दोन घंटे केव्हाच सरले. विमान दुपारचं होतं. तिथे विमानतळ गाठायलाच अर्धं बंगलोर ओलांडावं लागायचं, आणि नागपूरला उतरल्यावर मोहाडीचा रस्ता होताच. जीवनने हे कधी सांगितलं नव्हतं. पोरगा खोटारडा नव्हता. आईचा जीव थाऱ्यावर राहावा म्हणून सुखाचं तेवढं सांगत आला होता.

दुपारी तृप्ती पोचली. बाप 'पानी, पानी' करत होता. तिने तांब्याला हात घातला, तर आईने तिचं मनगट धरलं.

"थांब. जीवन येऊन राहिला. बापाले लेकाच्या हातचं पानी भेटू दे."

"अन् माह्या हातचं का जहर हाय, आई?"

तुळसाबाईने मनगट सोडलं नाही. मायलेकींच्या त्या ओढाताणीत बाबुलालचे ओठ हलायचे थांबले. दोघींच्याही ध्यानात आलं नाही. आनंदाबाईने सांगितलं तेव्हा कळलं.

जीवन दारात उतरला तेव्हा दिवेलागण झाली होती. आल्याआल्या त्याच्या हातून बापाच्या तोंडात पाणी घालून घेतलं. ते गालावरून चटईवर ओघळलं. चला, रीत तर पुरी झाली, असं कोणीतरी म्हणालं. आग लागो त्या रीतीला, असं तुळसाबाईच्या मनात आलं, पण ते आता मनात येऊन काय उपयोग होता?

बराच वेळ बापाचे पाय धरून बसल्यावर जीवन आईकडे वळला.

"बाबा जाता जाता काही बोलले का, आई? माह्यासाठी काही?"

तृप्तीने मान फिरवली. तुळसाबाईने पोराकडे पाहिलं आणि म्हणाली, "पानी मांगत होते. मी नाही देल्लं."