सरांची गुरुदीक्षा

आमचे कुस्तीचे सर त्या दिवशी फादर होणार होते आणि मी सकाळपासून दोन वाक्यं घोकत होते. खारघरच्या कॉलेजात आम्हा पोरींना मॅटवर घाम फुटेस्तोवर लोळवणारा हा माणूस. मी शेवटच्या वर्षाला असताना नोकरी सोडून धर्मगुरू व्हायला सरळ सेमिनरीत निघून गेला! विद्यापीठाची निवड चाचणी पंधरा दिवसांवर होती. मी भडकलेच. चाचणीनंतर मेसेज ठोकला, 'तुम्ही मध्येच सोडून गेलात, म्हणून मी हरले.'

खरं तर मी हरले नव्हते, कारण गेलेच नव्हते. ऐनवेळी घाबरले आणि अर्ध्या वाटेतून रिक्षा मागे फिरवली. सरांचं उत्तर आलं, 'सॉरी बाळा.' त्याला नऊ वर्षं झाली, पण ते सॉरी मला अजून टोचायचं. आज काहीही होवो, खरं सांगून टाकायचं, असं ठरवून मी बोनकोड्याच्या मैत्रिणीला घेऊन चर्च गाठलं. तीही सरांचीच पठ्ठी.

आत माणसं मावत नव्हती. सर पांढऱ्या झग्यात आले आणि आम्ही दोघी टाचा उंचावून बघायला लागलो. तेच मोडलेले कान, तीच बैलासारखी मान! सगळे संतांची नावं गाऊ लागले आणि सर रिवाजाप्रमाणे वेदीसमोर चक्क पालथे झाले, हात कपाळाखाली, छाती फरशीला. पालथा पडलेला पैलवान हरलेला नसतो, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. मैत्रीण आपण कुठे आहोत तेच विसरली.

"सर, पाठ टेकवाची नाय!" तिने आरोळी ठोकली.

गाणं क्षणभर अडखळलं. शंभर माना वळल्या. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं, आणि हसूही आवरेना. सरांचे खांदे हसण्याने गदगदताना मला स्पष्ट दिसले.

बिशपनी त्यांच्या हातांना तेल लावलं, मिस्सेची प्रार्थना संपली आणि नव्या फादरचा पहिला आशीर्वाद घ्यायला रांग लागली. माझा नंबर आला. पाठ केलेलं सगळं विसरले.

"सर, मी त्या चाचणीला आलेच नव्हते. घाबरले होते. तुमच्यावर खोटं ढकललं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माहितीये. मी आलो होतो. सुट्टी काढून वजनकाट्यापाशी उभा होतो. तुझं नाव दोनदा पुकारलं."

"मग सॉरी कशाला म्हणालात?"

"घाबरलेल्या पोरीला एकटं सोडून गेलो होतो ना."

मागे रांग खोळंबली होती. मी तिथेच भोकाड पसरलं.