वस्तऱ्यांना वाहिलेलं कुंकू

सकाळच्या कोवळ्या उन्हात अण्णांच्या हातातलं पातं उघडे, आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक लांबट कवडसा थरथरत उभा राही... खिडकीच्या गजाला अडकवलेलं चामड्याचं चामोटं, त्यावर वर-खाली फिरणाऱ्या वस्तऱ्याचा संथ आवाज, पितळी वाटीतल्या साबणाचा ओलसर सुगंध, शेवटी गालावरून फिरणारा तुरटीचा खडा — माझ्या बालपणातल्या कितीतरी सकाळी अशाच उजाडल्या. अण्णा म्हणजे माझे वडील, नगरच्या कॅम्पातल्या एका कचेरीत कारकून. पांढरीशुभ्र टोपी, नीट चुण्यांचं धोतर आणि गुळगुळीत दाढी यांवाचून ते उंबरठ्याबाहेर पाऊल टाकत नसत.

दुसऱ्या महायुद्धाची ती वर्षं. कॅम्पातून बदलून जाणाऱ्या साहेबलोकांचं मागे राहिलेलं सामान जुन्या बाजारात येई, आणि अण्णा त्यातून वस्तरे हुडकून आणत, तेही अमेरिकेत घडलेलेच. कुणाला नाटकाचा नाद असतो, कुणाला पानाचा, अण्णांना हा. "तोंड एक आणि वस्तरे पाच!" असं आई म्हणे. अण्णा हसत, आणि पात्याच्या बुडाशी कोरलेलं कुठल्याशा दूरच्या गावाचं नाव मला भिंगातून दाखवत. पाचांतला त्यांचा लाडका होता तो मक्याच्या कणसाचा. त्याच्या पिवळसर मुठीवर दाणा न् दाणा उठून दिसे. या मुठी जरा चोळल्या की त्यांना कापराचा मंद वास येई. त्या मुठी ज्या पदार्थाच्या करतात त्यातच कापूर असतो, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटे, ही देवाचीच वस्तू असणार!

रोज चामोट्यावर पातं फिरवणं अण्णांना छान साधलं होतं; पण दगडावर धार लावावी ती दिल्ली दरवाज्याजवळच्या म्हादूनानांनीच. नाना पिढीजात न्हावी. पूर्वी अण्णांची दाढी तेच करत; अण्णा स्वतःच्या हाताने करू लागले आणि नानांचं ते गिऱ्हाईक सुटलं. तरी दर दसऱ्याआधी पाचही वस्तरे नानांकडे जात आणि लखलखीत होऊन घरी येत.

मी नऊ वर्षांची असतानाची ती खंडेनवमी. आईने अडकित्ता, विळी, कोयता, अण्णांचा टाक असं सगळं पाटावर मांडून पुजलं. वस्तरे मात्र त्या सकाळीच नानांकडून आलेल्या पेटीत बंदच. दाढीचं सामान देवापाशी कोण आणणार? मला त्यांची फार दया आली. बिचारे सातासमुद्रापलीकडून आलेले, आणि सणाच्या दिवशी कुणी विचारेना. दुपारी अण्णांचा डोळा लागलेला पाहून मी पेटी काढली. देवाची भांडी आई चिंचेने घासते, म्हणून उरलेली चिंच पात्यांना लावली, तांब्यातलं पाणी ओतलं, ओल्या बोटाने प्रत्येकाला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला... आणि पाती मिटून पेटीत ठेवून दिली. कोरडी करायची असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

दसऱ्याच्या सकाळी अण्णांनी पेटी उघडली. पाचही पात्यांवर काळे-तांबूस डाग होते. मी हळूच दाराआड सरकले. झेंडूची फुलं आणायला मला बाजारात न्यायचं ठरलं होतं. एका हातात माझं बोट आणि दुसऱ्यात पेटी घेऊन ते वाढल्या खुंटांनिशीच तडक नानांच्या दुकानाशी गेले.

दुकानात सणाची गर्दी होती. सगळ्यांच्या देखत अण्णांचा आवाज चढला. "नाना, मी घरी दाढी करतो याचा एवढा राग? काल सकाळीच धार लावून दिलीत, आणि आज ही दशा! पाती मुद्दाम ओली ठेवलीत ना?"

नानांनी चष्मा चढवला. कणसाचा वस्तरा उघडला, नाकाशी नेला. मग सांध्यात नख घालून काहीतरी उकरलं. त्यांच्या नखावर लाल कुंकू होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील, आता सांगतील!

ते बोट त्यांनी हळूच मांडीला पुसलं. "माजीच चूक झाली, अन्नासाहेब. पानी ऱ्हायलं आसंल."

बाकावरचा एक माणूस उठला आणि निघून गेला. दुसरा पायात वहाणा घालू लागला. नानांची मान खाली होती. ज्याच्या हातात लोक रोज गळा देतात त्याच्यावरचा भरवसा असा माझ्यामुळे उठत होता, हे त्या वयातही मला कळलं, आणि मला रडूच फुटलं. "नानांनी नाही, अण्णा! मी पूजा केली. चिंचेने."

मग बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं दुकान हसायला लागलं. "रडू नगंस, ताई," नाना म्हणाले, "गंज वरवरचा हाय. पोलाद लई भारी, निघंल समदं." केवढं हायसं वाटलं मला! छातीवरचा दगड उतरला. वहाणा घातलेला माणूसही पुन्हा टेकला.

अण्णांनी कुणाची तोंडाने माफी मागितलेली मी कधी ऐकली नाही. त्या दिवशीही त्यांनी मागितली नाही. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, सदऱ्याची वरची गुंडी सोडली, नानांपुढे बसले, डोळे मिटले आणि मान वर केली. नानांनी आपल्या साध्या देशी वस्तऱ्याने त्यांची दाढी केली. परतताना अण्णा एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी नुसत्या अक्षता वाहा हो." आणि मी झेंडूच्या फुलांचं ओझं घेऊन जवळजवळ उड्या मारत घरी आले.

आज त्या पाचांतले दोन वस्तरे माझ्यापाशी आहेत. ते कुणी वापरत नाही. नाना त्या दसऱ्यानंतर चार-पाच वर्षांनी गेले. निरोप आला तेव्हा अण्णा दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. त्यांनी वस्तरा पुसून मिटला, पंच्याने तोंड कोरडं केलं, टोपी घातली आणि निघाले. आई मागून म्हणाली, "अहो, निदान ती दाढी तरी..." अण्णा थांबले नाहीत. अर्ध्या दाढीनेच ते भर रस्त्यातून नानांना पोचवायला गेले.