पहिला शब्द घरवाल्याचा

बुधवारी मी अन् माह्या दोस्तानं कारंज्याच्या चौकात अर्धा-अर्धा चहा घेतला. तो आमच्या गल्लीतला एकटाच यहुदी, एसटीतून रिटायर झालेला. त्याच्या तोरा-ग्रंथातलं अन् सणाचं बोलणं ऐकावं तर कोणी ना कोणी राजा मागं लागलेला अन् माणसं पळत सुटलेली. मी म्हटलं, "तुमच्या सणाले रडगाणंच लय." तो म्हणे, "रडून झालं का जेवतोच ना, भाऊ."

त्याच रात्री माही बायको गेली.

लोकं आले, बोलून गेले. दुखण्यातून सुटली बिचारी, म्हणत. शुक्रवारी हा आला, भुईवर बसला अन् गप्प. दुपार झाली तरी बोलेना. मले राग आला.

"मुकं बसाले आलास काय रे?"

"आमच्यात दुःखाच्या घरी पहिला शब्द घरवाल्याचा. मी सकाळपासून वाट पाहून राह्यलो."

"मी काय बोलू?"

"तिचं सांगा."

मी तिचं नाव घेतलं अन् तेव्हा कुठं रडलो.

दुसऱ्या दिवशी राख सावडायची होती. शनवार त्याच्या धर्मात पाळायचा दिवस, तो गाडीत बसत नाही. आमी ऑटोनं स्मशानात पोचलो, तर हा म्हातारा आधीच पायी येऊन फाटकापाशी उभा.