काकांच्या पायातला ब्रेक

टीव्हीला जोडून हात हलवत खेळायचे ते गेम लोक कशाला घेतात, असं कोणी विचारलं की मला आधी माझी काकू आठवते. घरात मूलबाळ नाही, वय साठीच्या पुढे, आणि ही बाई दुकानातून अख्खा संच उचलून घेऊन आली. त्यातलं प्लास्टिकचं स्टिअरिंग तर निव्वळ पोकळ. मधल्या खाचेत त्या गेमचा रिमोट बसवला की झाली गाडी तयार. दुकानदार म्हणाला होता, "याची गरज नाही हो, नुसत्या रिमोटनेही गाडी चालते." काकू म्हणाली, "तुमची चालत असेल. आमच्या ह्यांना चाक लागतं."

काका बसचे ड्रायव्हर. लांबचं दिसेनासं झालं तसं लायसन्स गेलं. माणूस मुळात तोंडाचा फटकळ, रस्त्यावरच्या प्रत्येकाशी भांडणारा. पण घरी बसला तो भिंतीकडे तोंड करून. बोलणं बंद, जेवण नावापुरतं. भांडकुदळ नवऱ्याचा काकूला वैताग यायचा. मुक्या नवऱ्याची तिला भीती वाटायला लागली.

पहिल्या दिवशी मी तिथेच होते. काकूने टीव्ही त्यांच्या खुर्चीजवळ ओढला आणि चाक हातात दिलं. त्यांनी ते सवयीनं धरलंही. वळण आलं तसा काकांनी उजवा पाय फरशीवर दाबला. गाडी कसली थांबतेय, गेली थेट कठड्यावर. पुन्हा तेच. मी म्हटलं, "काका, ब्रेकचं बटण अंगठ्याखाली आहे."

"अंगठ्याने ब्रेक लावतात का कुठे?" एवढंच बोलून त्यांनी चाक खाली ठेवलं आणि परत भिंतीकडे वळले.

मला असा राग आला! बाई एवढ्या हौसेने आणते आणि हे हटून बसतात. "सोड गं," मी काकूला म्हटलं, "पालथ्या घड्यावर पाणी."

तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. खुर्ची ओढून ती त्यांच्या शेजारी बसली, चाक पुन्हा त्यांच्या हातात दिलं आणि स्वतःचे दोन्ही अंगठे बटणांवर ठेवले, एक वेगाच्या, एक ब्रेकच्या.

"तुम्ही पाय दाबा हो, बाकी मी बघते."

वळण आलं. काकांनी पाय दाबला आणि गाडी थांबली. माझा जीव भांड्यात पडला. मग चाक फिरेल तसे काकूचे हात फिरायचे, हातांबरोबर अख्खी काकू कलंडायची. शर्यतीत ते सगळ्यांच्या मागे पडत चालले, कारण काका मागच्या प्रत्येकाला वाट देत होते. तेवढ्यात एक लाल गाडी आडवी घुसली आणि काकांनी तिला अशी सणसणीत शिवी हासडली की शेजारच्या घरातही ऐकू गेली असेल. काकूचे डोळे भरून आले. पण पुसायला हात मोकळा कुठे होता?

आता दोघंही नाहीत. पुढे कित्येक वर्षं ती त्यांच्याबरोबर तो खेळ रोज खेळली, पण पडद्यावरचा रस्ता कसा होता हे तिला कधीच सांगता आलं नसतं. तिची नजर सगळा वेळ काकांच्या उजव्या पायावर असायची.