फॅक्सपाशी उभा राहणारा कोच

दुबईतल्या एका फुटबॉल क्लबात मी टायपिस्ट होतो. आमचा कोच दक्षिण अमेरिकेतला, एकेकाळचा नावाजलेला खेळाडू. बोलायचा कमी, मुलांनाही अरबीत नुसतं "यल्ला, यल्ला", म्हणजे चला-चला, करायचा. पण रोज सरावाआधी ऑफिसात येऊन फॅक्सवर आलेला प्रत्येक कागद उलटून बघायचा. हा दुसऱ्या क्लबाशी बोलणी करतोय, असा मला संशय आला, आणि मी तो मॅनेजरसाहेबांच्या कानावर घातला.

आठवड्याभरात त्याला काढल्याचं पत्र मीच टाइप करून त्याच्या हातात दिलं.

वाचून तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "खलास, हबीबी? आधीच्या तिन्ही क्लबांनी मला फॅक्सवरच काढलं. तू निदान समोर येऊन दिलंस."

त्याने माझा हात घट्ट दाबला. मला त्याच्याकडे बघवेना.